परतून येणाऱ्यांसाठी अंगण

नागपूरच्या गांधीबागेत दिवस उजाडतो तो कापडाच्या गाठींच्या ओझ्यासह. ठोक बाजारातील दुकानांची दारे उघडतात, हमालांच्या हातगाड्या अरुंद गल्ल्यांतून वाट काढू लागतात, बाहेरगावचे व्यापारी भाव विचारत फिरतात आणि जवळच्या पानठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज सुरू होतो. महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या बाजारपेठेप्रमाणे या गर्दीतही काही माणसे अशी असतात, ज्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रवास एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राच्या दारापासून सुरू होऊन आपल्याच दुकानाच्या पायरीपाशी येऊन थांबलेला असतो. केंद्रातील महिना-सव्वा महिना सरलेला असतो. शरीरातील विष उतरलेले असते. परंतु जुनी गल्ली, जुने मित्र, जुनी देणी आणि संध्याकाळची जुनी वेळ, हे सारे आपापल्या जागी तसेच उभे असते. व्यसन सोडणे आणि व्यसनाविना जगणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला जितके कळते, तितके दुसऱ्या कोणालाही कळत नाही.

या दोहोंमधील अंतर ओळखून त्यावर संस्था उभी करणाऱ्या व्यक्तींमध्ये महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या त्या संस्थापक. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या काळात एक पिढी वयात आली. गर्दची जागा अनेक ठिकाणी एमडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेफेड्रोनने घेतली, मोबाइलच्या पडद्याचेही व्यसन जडू शकते हे मान्य झाले. तरीही घरी परतलेल्या माणसाचे पुढे काय, या प्रश्नाला त्यांनी कामातून दिलेले उत्तर जुने झालेले नाही.

अनिताबाईंचे माहेरचे आणि जिव्हाळ्याच्या वर्तुळातील नाव सुनंदा. अनिल अवचट यांच्या लेखनातून मराठी वाचकाला त्या याच नावाने भेटत राहिल्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दोघेही विद्यार्थी होते. तेथेच त्यांची ओळख झाली आणि पुढे त्यांनी विवाह केला. जुन्नर तालुक्यातील ओतूरहून आलेल्या अनिल अवचटांचे मन वैद्यकीय व्यवसायात रमेना. समाजातील उपेक्षितांचे जगणे प्रत्यक्ष पाहावे आणि त्यावर लिहावे, ही ओढ प्रबळ ठरली. अशा वेळी घराचा आर्थिक भार कोणी उचलायचा, हा प्रश्न होता. तो अनिताबाईंनी उचलला. त्यांनी नोकरी करावी, पतीने लेखन करावे आणि मुक्ता व यशोदा या दोघी मुलींच्या संगोपनात त्यानेही पुरेपूर वाटा घ्यावा, अशी त्या घराची मांडणी झाली. मराठी मध्यमवर्गीय घरात त्या काळी ही गोष्ट सहज पचणारी नव्हती. पती घरी आणि पत्नी इस्पितळात, यावर भुवया उंचावणारे कमी नसतील. अवचट दांपत्याने मात्र त्याचा गाजावाजा केला नाही आणि त्याबद्दल संकोचही बाळगला नाही. मराठीतील रिपोर्ताज लेखनाला जे वैभव अनिल अवचटांनी मिळवून दिले, त्यामागे एका डॉक्टर स्त्रीचा महिन्याचा पगार होता, याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासानेही ठेवायला हवी.

अनिताबाईंनी मानसोपचार हे क्षेत्र निवडले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या काम करू लागल्या. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नागपूरचे रुग्णालय १८६४ सालचे. शहराच्या बोलीत त्याचा परिसर अजूनही पागलखाना चौक या नावाने ओळखला जातो, आणि त्या नावातच मनाच्या आजाराकडे पाहण्याची आपली दृष्टी दडलेली आहे. येरवड्याची स्थिती वेगळी नव्हती. उंच भिंतींआड माणूस गेला की नातेवाइकांनी पाठ फिरवावी, पत्ता बदलावा, बरा झालेला रुग्णही घेऊन जायला कोणी येऊ नये, असे अनुभव या रुग्णालयांत नित्याचे होते. रुग्णाला बरे करण्याइतकेच त्याचे घर त्याच्यासाठी उघडे ठेवणे हेही उपचाराचे अंग आहे, हा धडा अशा ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरला पुस्तकाविनाच मिळतो. मुक्तांगणच्या पुढील वाटचालीत हा धडा पानोपानी दिसतो.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांवर गर्दचे संकट कोसळले. हेरॉइनचे हे हलके, भेसळयुक्त रूप ब्राउन शुगर या नावानेही ओळखले जाई. पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा, एवढीच त्याची कृती. दारूसारखा वास नाही, सुईची भीती नाही, आणि सुरुवातीला किंमतही आवाक्यातली. महाविद्यालयीन मुले, गिरणी कामगारांची पोरे, रिक्षाचालक, उच्चभ्रू वसाहतींतील तरुण, असे सारेच त्यात ओढले गेले. काही दिवसांतच शरीर त्याचे गुलाम होई. पुडी मिळाली नाही की नाका-डोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारखी वेदना, उलट्या, रात्ररात्र जागरण. या अवस्थेला व्यसनी मंडळी टर्की म्हणत. ती टाळण्यासाठी घरातील भांड्यांपासून आईच्या मंगळसूत्रापर्यंत काहीही विकले जाई. गर्दुल्ला हा शब्द मराठीत याच काळात रूढ झाला. केंद्र सरकारने १९८५ साली अमली पदार्थविरोधी कठोर कायदा केला, परंतु कायदा विक्रेत्याला पकडू शकतो, व्यसनी मुलाला बरे करू शकत नाही. त्याला न्यायचे कोठे, हे पालकांना ठाऊक नव्हते. फार थोड्या डॉक्टरांना या आजाराची जाण होती आणि बहुतेकांना तो आजार वाटतच नव्हता.

परिचयातील एका घरातील तरुण मुलाच्या निमित्ताने हे दुःख अवचटांच्या उंबरठ्याशी आले. अनिताबाई अशा मुलांवर उपचार करू लागल्या आणि अनिल अवचट या जगाचा शोध घेऊ लागले. त्यांनी गर्दवर लिहिलेल्या लेखांनी मराठी वाचक हादरला. हे लेखन पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या वाचनात आले. दोघेही अस्वस्थ झाले आणि या मुलांसाठी काही उभे राहणार असेल तर आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देण्याची तयारी त्यांनी दर्शविली. त्या काळी ही रक्कम मोठी होती. त्याहून मोठी होती ती जबाबदारी, कारण पैसा पुढे आल्यावर आता काम करणारे हात पुढे यायला हवे होते. अनिताबाईंनी ते काम शिरावर घेतले. शासनाच्या परवानगीने येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातील एका इमारतीत जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगणचा आरंभ झाला. मनोरुग्णालयाच्या भिंतींच्या आत अंगण हा शब्द उच्चारणे, हेच मुळात एक विधान होते.

सुरुवातीला समोर होते ते केवळ टर्कीचे आव्हान. औषधांच्या साहाय्याने आठ-दहा दिवसांत रुग्ण त्यातून बाहेर येतो. त्याला भूक लागते, झोप येते, चेहऱ्यावर तेज येते. पालकांना वाटते, मुलगा सुधारला. परंतु तो घरी जातो आणि काही आठवड्यांतच पुन्हा त्याच अवस्थेत परत येतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या जगातील प्रत्येकाला या भिंतीवर डोके आपटावे लागले आहे. शरीरातून पदार्थ निघून गेला तरी मेंदूने त्या पदार्थाशी जोडलेली सुखाची, सुटकेची आठवण पुसली जात नाही. विशिष्ट गल्ली, विशिष्ट मित्र, खिशातील नोटा, भांडणानंतरचा एकांत, यांपैकी काहीही ती आठवण जागी करू शकते. दुर्दैवाची बाब म्हणजे हा काळ जिवावरही बेततो. काही आठवडे व्यसनापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस हे उपचाराच्या आधीच्या दिवसांपेक्षाही अधिक धोक्याचे असतात.

यातूनच मुक्तांगणची उपचारपद्धती आकाराला आली. निवासी उपचारांची मुदत पुढे पाच आठवड्यांची झाली. शारीरिक त्रासाचा टप्पा ओलांडल्यावर समुपदेशन, गटचर्चा, योग, श्रमदान, संगीत, स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहणारे लेखन, असा दिवसाचा क्रम ठरला. बासरी, ओरिगामी, लाकडातील कोरीवकाम अशा छंदांत रमणारे अनिल अवचट रुग्णांमध्ये जाऊन बसत. रिकाम्या हातांना काम आणि रिकाम्या मनाला आनंद देण्याचा तो मार्ग होता. वातावरण तुरुंगाचे नसावे, घराचे असावे, याबाबत अनिताबाई आग्रही होत्या. व्यसनी माणसाला मारहाण करून, कोंडून, साखळीने बांधून सुधारता येते असा समज तेव्हा सर्रास होता आणि आजही पुरता गेलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने जखडण्यास बंदी घातली आणि दारू व अमली पदार्थांच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या विकारांनाही मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले. कायद्याला जे सांगावे लागले, ते येरवड्याच्या त्या इमारतीत तीन दशके आधी आचरणात आले होते.

या पद्धतीचा कणा मात्र आणखी वेगळा होता. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच संस्थेत कामाला घेणे, हे धाडस अनिताबाईंनी केले. रुग्णमित्र, समुपदेशक, व्यवस्थापक अशा जबाबदाऱ्या कालच्या रुग्णांकडे आल्या. ज्याच्यावर घरात कोणी पाकीट सोपवत नव्हते, त्याच्यावर वॉर्ड सोपविला गेला. यामागे एका जुन्या अनुभवाचा आधार होता. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर व्यवहारांतील माणूस अमेरिकेतील ॲक्रन या शहरात कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला अवघे पाच महिने झाले होते. हातातील व्यवहार फसला आणि हॉटेलातील बार त्याला खुणावू लागला. त्याने बारकडे पाठ फिरवून दूरध्वनी उचलला आणि आपल्यासारखाच कोणी दारुडा बोलण्यासाठी मिळेल का, याचा शोध घेतला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची भेट झाली आणि दोघांच्या संवादातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ जन्मली. दुसऱ्याला सावरताना आपण स्वतः सावरतो, हे त्या चळवळीचे मर्म. मुक्तांगणने या चळवळीच्या सभा आणि तिची एकेक दिवस सांभाळण्याची शिस्त आपल्या कामात सामावून घेतली आणि तिला मराठी घराचे वळण दिले.

हे वळण कुटुंबाच्या संदर्भात अधिक स्पष्ट दिसते. व्यसनी माणसाच्या घरात एकटा तोच आजारी नसतो. पत्नी त्याचे अपराध झाकते, कार्यालयात खोटे निरोप पाठवते, उसनवारी फेडते. आई गुपचूप पैसे देते. वडील बोलणे सोडतात. मुले घरी मित्रांना आणणे बंद करतात. अशा घरात तो व्यसन सोडून परतला तरी घराला त्याच्याशी नव्याने कसे वागावे हे समजत नाही. उशीर झाला की तोंडाचा वास घेतला जातो, खिसे तपासले जातात. संशय स्वाभाविक असतो आणि तोच त्याला पुन्हा बाहेर ढकलू शकतो. म्हणून मुक्तांगणमध्ये कुटुंबीयांच्या समुपदेशनाला उपचाराइतकेच महत्त्व देण्यात आले. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट उभा राहिला. मार खाल्लेल्या, कर्ज अंगावर घेतलेल्या, दुसऱ्यांसमोर कधीही तोंड न उघडलेल्या स्त्रिया तेथे एकमेकींपाशी बोलू लागल्या. नवरा सुधारो वा न सुधारो, आपले आयुष्य आपण उभे करू शकतो, हे बळ त्यांना तेथे मिळू लागले. व्यसनमुक्तीच्या कामात स्त्रीकडे केवळ रुग्णाची सेवेकरी म्हणून न पाहता स्वतंत्र दुःख असलेली व्यक्ती म्हणून पाहिले गेले, याचे श्रेय या डॉक्टर स्त्रीच्या नजरेला द्यावे लागेल.

उपचार संपल्यानंतरचा पाठपुरावा हा या रचनेचा शेवटचा आणि न संपणारा भाग. घरी गेलेल्या रुग्णाने ठरावीक काळाने परत येऊन भेटायचे, आपल्या गावातील गटात सामील व्हायचे, व्यसनमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले की ते सर्वांसमक्ष साजरे करायचे. बाहेरच्यांना यात काही विशेष वाटणार नाही. परंतु ज्याच्या वाढदिवसाला घरात भांडणच झाले, अशा माणसाला वर्षभर शुद्धीत राहिल्याबद्दल पत्नी-मुलांसह टाळ्या मिळतात, तेव्हा त्याच्या मनात स्वतःविषयी एक नवी प्रतिमा तयार होते. पुढच्या मोहाच्या क्षणी तीच कामास येते.

गांधीबागेच्या संदर्भात हे सारे मांडून पाहिले, तर त्याचा व्यवहारी अर्थ ध्यानात येतो. येथे परतलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न पैशाचा असतो. दुकानाचा गल्ला त्याच्या हाती द्यावा की नाही? सुरुवातीस देऊ नये आणि तो अविश्वास म्हणून नव्हे, तर उपचाराचा भाग म्हणून त्याच्याशी बोलून ठरवावे, असे या क्षेत्रातील अनुभव सांगतो. जबाबदारी टप्प्याटप्प्याने परत द्यावी. दुसरा प्रश्न संगतीचा. बाजार बंद झाल्यावरचे दोन तास, सौदा जमल्यावरची बैठक, बाहेरगावच्या खरेदीच्या फेऱ्या, या जागा धोक्याच्या. त्या वेळांसाठी आधीच पर्याय योजावा लागतो. तिसरा प्रश्न पर्यायी व्यसनाचा. दारू सुटली म्हणून खर्रा वाढला, तर मोहाचे चक्र फिरतच राहते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून बनविलेला खर्रा घराघरांत पोहोचला आहे आणि त्याला अनेक जण व्यसनच मानत नाहीत. चौथा प्रश्न भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांचा. या चार अवस्थांत मोह अधिक बळावतो, म्हणून वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप यांनाही औषधाचे मोल असते. दुपारचे जेवण चारला घेणाऱ्या व्यापारपेठेने हे विशेषच लक्षात घ्यावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-जागनाथ बुधवारीच्या परिसरातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. शहरातील रोगराई, दुष्ट चालीरीती आणि पीडा मारबतीबरोबर वेशीबाहेर घालवून तिचे दहन करावे, अशी ही नागपूरची शतकाहून जुनी परंपरा. व्यसनाकडेही आपण बहुधा मारबतीसारखेच पाहतो. एकदा वाजतगाजत घालविले की संपले, असे आपल्याला वाटते. शपथ घेतली, माळ घातली, देवापुढे नाक घासले, केंद्रात भरती केले, आता प्रश्न मिटला. पण मारबतही दरवर्षी नव्याने काढावीच लागते. व्यसनाच्या बाबतीत तर ती रोज काढावी लागते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेला माणूस जसा आयुष्यभर पथ्य पाळतो, तसेच हे आहे.

म्हणूनच पुन्हा घसरलेल्या रुग्णाला मुक्तांगणचे दार बंद होत नसे. घसरण हा आजाराचा भाग आहे, चारित्र्याचा निकाल नव्हे, ही भूमिका तेथे रुजली. अर्थात याचा अर्थ सैलपणा असा नाही. केंद्रात नियम कडक असत आणि व्यसन केल्याची जबाबदारी ज्याची त्यालाच घ्यावी लागे. परंतु तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आलेल्या माणसाकडेही पहिल्याइतक्याच आस्थेने पाहायचे, हे मानसोपचाराच्या पदवीने येत नाही. आज या क्षेत्रात औषधांची भर पडली आहे. दारूची ओढ कमी करणारी, दारू घेतल्यास त्रास देणारी, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात स्थैर्य देणारी औषधे उपलब्ध आहेत. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन यांना जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. दारूच्या जुन्या व्यसनात ती एकाएकी घरीच बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांची देखरेख अनिवार्यच आहे. मात्र औषध माणसाला उभे राहण्याइतके बळ देते, चालायला शिकवणारी माणसे लागतात, या निष्कर्षापाशी हे शास्त्रही आले आहे.

मुक्तांगण बाळसे धरत असतानाच अनिताबाईंना कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रिया, औषधोपचार, थोडा विसावा, पुन्हा काम, असा क्रम सुरू झाला. रुग्णांना एकेका दिवसाचा विचार करायला शिकवणाऱ्या डॉक्टरवर तोच धडा स्वतःच्या देहासाठी गिरवण्याची वेळ आली. उद्याची खात्री नसताना आजचा दिवस नीट पार पाडायचा, हे त्यांनी सभेत सांगितले होते आणि आता वॉर्डात फिरताना, घरी मुलींशी बोलताना त्या तसे जगत होत्या. आपल्या समोर बसलेला माणूस स्वतः जीवघेण्या दुखण्याशी झुंजत असूनही आपल्यासाठी वेळ काढतो, हे पाहणाऱ्या रुग्णांना वेगळ्या उपदेशाची गरज नव्हती. १९९७ च्या फेब्रुवारीत ही झुंज संपली. मुक्तांगणला तेव्हा जेमतेम साडेदहा वर्षे झाली होती.

व्यक्तीच्या बळावर उभ्या राहिलेल्या संस्था व्यक्तीबरोबर मावळतात, हा महाराष्ट्राचा नेहमीचा अनुभव. मुक्तांगणच्या बाबतीत तसे घडले नाही. ज्या रुग्णांवर अनिताबाईंनी विश्वास टाकला होता, तेच आता संस्थेचे खांब झाले होते. अनिल अवचट पुढेही या कामाशी बांधलेले राहिले आणि मुक्तांगणची गोष्ट त्यांनी पुस्तकरूपाने सांगितली. २७ जानेवारी २०२२ रोजी त्यांचेही निधन झाले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन या कामात पाऊल टाकले आणि संस्थेची धुरा सांभाळली. मनोरुग्णालयाच्या आवारातून निघून संस्थेने येरवड्यातच आळंदी रस्त्यावरील मोहनवाडी येथे स्वतःची वास्तू उभारली. व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध हा विभाग सुरू झाला. व्यसन पुरुषांनाच जडते या समजामुळे ज्या स्त्रिया उपचारांपासून दूर राहिल्या होत्या, त्यांना त्यामुळे दार मिळाले. इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे कामही संस्थेकडे आले. धाकटी कन्या यशोदा वाकणकर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी संवेदना हा आधारगट उभारला. समदुःखी माणसांनी एकत्र बसावे, ही आईच्या कामातील कल्पना अशी दुसऱ्या आजारापर्यंत पोहोचली.

विदर्भाला हा विषय परका नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकआंदोलनातून ती आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असावी की नसावी, यावर आपल्याकडे जोरजोराने वाद होतात. या वादात जो माणूस आधीच व्यसनात अडकला आहे, त्याच्या उपचाराचा मुद्दा नेहमीच मागे पडतो. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. दारूच्या दुकानांची संख्या मोजणाऱ्या समाजाने पाठपुरावा करणाऱ्या गटांची संख्याही कधीतरी मोजायला हवी. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आणि १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक, हे दोन्ही पानठेल्याच्या फळीवर, दुकानाच्या गल्ल्याजवळ, हमालांच्या विसाव्याच्या जागी लिहिलेले दिसले, तर ती लहान पण खरी सुरुवात ठरेल.

दरवर्षी अनिताबाईंच्या स्मृतिदिनाच्या सुमारास मुक्तांगणतर्फे त्यांच्या नावाने संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. प्रतिकूलतेशी झगडत आयुष्य उभे करणाऱ्या माणसांचा तो गौरव असतो. त्यांच्या स्मरणासाठी याहून उचित प्रकार सापडणे कठीण. त्यांनी स्वतः फारसे लिहिले नाही आणि त्यांचे चरित्र शोधायचे तर ते पतीच्या पुस्तकांत, लेकीच्या कामात आणि अनोळखी घरांत विखुरलेले सापडते. संध्याकाळी ठरल्या वेळी घरी पोहोचणारा एखादा बाप, महिन्याचा पगार पत्नीच्या हाती ठेवणारा एखादा कामगार, अनेक वर्षांनी लग्नकार्याला आमंत्रण आलेला एखादा भाऊ. यांतील कित्येकांनी डॉ. अनिता अवचटांना कधी पाहिलेही नाही. त्यांना सावरणाऱ्या माणसाला ज्याने सावरले, त्याला मात्र कधीतरी येरवड्याच्या त्या अंगणात कोणीतरी वॉर्डाची जबाबदारी देऊन कामाला लावले होते.